मेंढीला ‘गारठा बाधतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे जिल्ह्यात अवकाळी पाऊस कोसळला, वर बोचरं वारं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उघड्या रानात बसलेल्या शेकडो मेंढ्या त्या थंडीत मेल्या. चिखलात आडव्या पडलेल्या मेंढरांचे आणि शेजारी डोक्याला हात लावून बसलेल्या मेंढपाळांचे फोटो पेपरात आले, पंचनामे झाले. ती मरतूक गारठ्याची होती. भिजलेल्या अंगाची ऊब संपली आणि जनावर तिथंच गेलं. त्यात जंतूचा फारसा हात नसतो.

मला लिहायचंय ते त्यानंतरच्या मरतुकीबद्दल. तिचा फोटो कुणी काढत नाही. पाऊस उघडतो, ऊन पडतं, मेंढपाळ सुटकेचा श्वास टाकतो. मग आठ-दहा दिवसांनी एक मेंढी कळपाच्या मागे रेंगाळायला लागते. कान पडलेले, नाकाला शेंबूड, चरताना मधेच थांबून ढास लागते. दोन दिवसांनी तिच्यासारख्या चार होतात, आठवड्यात दोन-तीन मरतात. ‘गारठा बाधला’ म्हणून विषय संपतो. असं थोडं-थोडं, वर्षभर, गाजावाजा न होता जे नुकसान होतं त्याची बेरीज केली तर ती एखाद्या अवकाळीपेक्षा कमी भरत नाही. शिवाय यातलं बरंचसं टाळता येतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 27 लाख मेंढ्या आहेत. त्यांच्या छातीच्या आजारांचं गणित समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

जंतू बाहेरून येत नाही, आत वस्तीलाच असतो

आजाराचं नाव फुप्फुसदाह, म्हणजे न्यूमोनिया. फुप्फुसाला सूज येते आणि त्यातल्या हवेच्या जागी पाणी, पू, रक्त भरतं. मेंढीत तो बहुतेक वेळा मॅनहेमिया आणि पाश्चुरेला या जंतूंमुळे होतो. गंमत म्हणावी की दुर्दैव, हे जंतू धडधाकट मेंढीच्या नाका-घशात एरवीही राहतातच. मग रोज सगळ्या मेंढ्या आजारी का पडत नाहीत?

कारण श्वासनलिकेत चोवीस तास झाडलोट चालू असते. नळीला आतून मखमलीसारखे अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यांच्यावर चिकट ओलावा असतो. धूळ, जंतू, बुरशी, जे काही आत जाईल ते त्या ओलाव्याला चिकटतं आणि केस ते हळूहळू घशाकडे ढकलत राहतात. मेंढी ते गिळून टाकते. अंगणातला केर रोज सकाळी उंबऱ्याबाहेर लोटावा तसं. चार दिवस कुणी झाडलंच नाही तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

ही झाडलोट थांबवणारी कारणं ओळखीचीच आहेत. कोंडलेल्या गोठ्यातला मुताचा वास झाडूला लकवा आणतो. कडब्याची धूळ एवढी असते की झाडू पुरा पडत नाही. पीपीआरसारख्या साथीच्या आजाराचा विषाणू झाडूच मोडून टाकतो. आणि थंडी, भूक, लांबचा ट्रकप्रवास, अर्धवट पोषण यांनी शरीराची लढायची ताकदच कमी होते. म्हणून पाऊस आणि गारठा हे आजाराचं कारण नव्हे, निमित्त आहे. पाऊस आपल्या हातात नाही. बाकीची कारणं बऱ्यापैकी आहेत.

मेलेल्या मेंढीचं शवविच्छेदन होत असेल तर तोंड फिरवू नका, एकदा जवळून बघा. निरोगी फोपसं गुलाबी, स्पंजासारखं हलकं असतं. तुकडा कापून बादलीत टाकला तर तरंगतो. फुप्फुसदाहानं गेलेल्या मेंढीच्या फोपशाचा पुढचा, खालचा भाग काळपट लाल आणि कलेजीसारखा घट्ट झालेला असतो. त्याचा तुकडा पाण्यात टाकला की सरळ तळाला जातो. मी हे एका वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, दाखवलं तेव्हा पन्नाशीचा मेंढपाळ कितीतरी वेळ त्या बादलीकडेच बघत होता. मग म्हणाला, “म्हंजी हिला वाराच मिळंना झाल्ता.”

थंडी लागू नये म्हणून ताडपत्री, आणि तिथंच घात

बंदिस्त मेंढीपालनात मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक मायेपोटी होते. पाऊस किंवा थंडी आली की शेड चारही बाजूंनी ताडपत्रीनं घट्ट बंद करतात. आत ऊब वाटते, माणसाला बरं वाटतं.

भर पावसात सगळ्या काचा लावून चाललेली खचाखच भरलेली एसटी आठवा. काचांवर वाफ, ओल्या कपड्यांचा वास, मागच्या सीटवर कुणीतरी खोकतोय. तासाभरात आपलं डोकं दुखायला लागतं. आता त्याच गाडीत रात्रभर, तेही खाली फरशीवर तोंड ठेवून झोपायचंय असं समजा. मेंढीचं नाक जमिनीपासून वीतभर वर असतं आणि मुतारीत नाकाला झोंबतो तो अमोनिया वायू नेमका तिथंच, ओल्या लेंड्या-मुतातून उठत असतो. उभ्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून एक साधी परीक्षा सांगतो. पहाटे, शेड उघडण्याआधी आत जा आणि गुडघ्यांवर बसा. नाक मेंढीच्या नाकाच्या उंचीला आणून पाच-सहा श्वास घ्या. डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर समजा की तुमची मेंढरं रात्रभर तेच हुंगत होती. वरच्या पत्र्याला आतून दवाचे थेंब लोंबत असतील तर ओल बाहेर जायला वाटच नाही.

उपाय महाग नाही. जनावराच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार फूट, आडोसा हवा, म्हणजे झोंबरा वारा थेट अंगावर येत नाही. त्याच्यावर छपरापर्यंत बाजू मोकळी हवी, म्हणजे गरम, ओली, घाण हवा वरून निघून जाते. पावसाची झड येते त्याच बाजूला पडदा सोडायचा, तोही वरून हातभर जागा ठेवून. मोठ्या मेंढीला दहा-बारा चौरस फूट जागा धरावी. खाली कोरडं हवं. ओल दिसली की भुसा किंवा पाचट टाकायचं, थरावर थर चढू द्यायचे नाहीत. कडबा कुट्टी धुळकट असेल तर घालण्याआधी पाण्याचा हबका मारायचा. कोरड्या अंगाची, पोट भरलेली, लोकर असलेली मेंढी थंडी चांगली सोसते. ओली जमीन आणि कोंदट हवा तिला सोसत नाही. लोकर कातरायची ती मात्र हवामानाचा अंदाज बघून. नुकती कातरलेली मेंढी पावसात सापडली तर तिच्याकडे काहीच उरत नाही.

“आमची मेंढरं तर उघड्यावरच असतात, मग?”

हा प्रश्न रास्त आहे. माण, खटाव, आटपाडी, जतचे मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा घेऊन निघतात, काही कोकणात उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. रोज नवं रान, रोज नवी बसायची जागा. शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवली की त्याला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. पण याच रिवाजाचा आणखी एक फायदा आहे. रोज जागा बदलल्यानं मुताचा, लेंड्यांचा थर कधी साचतच नाही. मेंढीच्या नाकाखाली दररोज कोरडी, ताजी जमीन येते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही पद्धत म्हणजे हवेशीरपणाची उत्तम व्यवस्थाच आहे, आणि बंदिस्त शेडमध्ये आपण तीच गमावतो.

डॉली मेंढी आठवत असेल. प्रौढ जनावराच्या पेशीपासून क्लोन केलेला जगातला पहिला सस्तन प्राणी, 1996 साली स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत जन्मलेली. मेंढ्या अकरा-बारा वर्षं जगू शकतात. डॉलीला सहा वर्षांची असताना, फेब्रुवारी 2003 मध्ये, दयामरण द्यावं लागलं. तिच्या फुप्फुसात गाठी झाल्या होत्या. त्या क्लोनिंगमुळे नव्हे, मेंढ्यांत एकीकडून दुसरीकडे पसरणाऱ्या एका विषाणूमुळे. हा आजार बंदिस्त ठेवलेल्या मेंढ्यांत जास्त दिसतो आणि सुरक्षेपायी डॉलीला बरंचसं आतच ठेवलेलं असे. जगातल्या सगळ्यात जपलेल्या मेंढीलाही छपराखालची हवा भोवली.

फिरत्या वाड्याचे धोके वेगळे आहेत. रात्री वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत मेंढरं अगदी खेटून बसतात, त्यामुळे एकीचा शेंबूड दुसरीला लागायला वेळ लागत नाही. बसायची जागा खोलगट, पाणी साचणारी निवडली तर खालून ओल, वरून दव. उताराची, बांधाचा किंवा झाडोऱ्याचा आडोसा असलेली जागा आणि वाघर पावसाळ्यात थोडी सैल, एवढं तर कुठल्याही रानात जमतं. कोकरांची जाळी मोठ्यांपासून वेगळी असतेच. मोठ्यांकडून कोकरांकडे वारा येणार नाही अशा बाजूला ती लावा.

पहिल्या सहा तासांतला चीक

कोकरांच्या छातीचा आजार पुष्कळदा जन्माच्या दिवशीच ठरतो. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच काही रोगप्रतिकारक घटक नाळेतून मिळतात. मेंढीत ते होत नाही. तिचं कोकरू अक्षरशः कोऱ्या पाटीनं जन्मतं. त्याला सगळं संरक्षण चिकातून मिळतं आणि ते आतड्यातून रक्तात शिरायची दारं जन्मानंतर चोवीस तासांत बंद होतात. पहिले सहा तास ती सताड उघडी असतात.

तीन किलोच्या कोकराला पहिल्या पाजणीत साधारण 150 मिलिलिटर चीक मिळायला हवा, आणि पहिल्या दिवसभरात मिळून 600 च्या आसपास. जुळं असेल, आई पहिलटकरीण असेल, सड सुजला असेल तर कोकरू तोंड लावतं पण पोटात काही जात नाही. पोट हातानं चाचपून बघा. रिकामं पोट लगेच कळतं. त्याच दिवशी व्यायलेल्या दुसऱ्या मेंढीचा चीक चालतो. साठवलेला चीक कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करायचा, चुलीवर कधीच नाही. उकळला की त्याचा खरवस होतो आणि मग तो आपल्या कामाचा, कोकराच्या नाही.

चीक चांगला यायचा तर गाभण मेंढीच्या शेवटच्या सहा आठवड्यांत तिच्या पोटाकडे बघावं लागतं. उन्हाळ्यात रान सुकलेलं असताना मूठभर खुराक तेव्हाच द्यायचा.

पीपीआर: मेंढीचा गोवर

पीपीआर हे ‘पेस्त दे पती र्युमिनाँ’ या फ्रेंच नावाचं लघुरूप आहे. गावाकडे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणतात. याचा विषाणू माणसाच्या गोवराच्या कुळातला आहे, पण तो माणसाला होत नाही. पहिल्यांदा त्याची नोंद झाली 1942 मध्ये, आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टला. भारतात तो 1987 मध्ये तमिळनाडूत आढळला. चांगलाच ताप, डोळ्या-नाकातून आधी पाणी मग घट्ट स्राव, तोंडात फोड, पातळ हगवण आणि फुप्फुसदाह असं त्याचं रूप. मेंढ्यांपेक्षा शेळ्यांना तो सहसा जास्त जोरात होतो, आणि बहुतेक वाड्यांत दोन्ही असतात.

त्याचा खरा वाईटपणा असा की तो शरीराची प्रतिकारशक्तीच काही काळ आडवी करतो. मग नाकातले ते जुने रहिवासी, मॅनहेमिया आणि पाश्चुरेला, आयतेच आत शिरतात. मेंढी बुळकांडीनं आजारी पडते आणि पुष्कळदा मरते फुप्फुसदाहानं.

आपल्याकडे याची अतिशय चांगली लस आहे. हिमाचल प्रदेशातल्या सुंगरीच्या शेळीतून मिळालेल्या विषाणूपासून भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात ती तयार झाली. एक टोचणी किमान तीन वर्षं पुरते. कोकरांना तीन-चार महिन्यांनंतर टोचतात, कारण त्याआधी आईच्या चिकातून आलेलं संरक्षणच लशीला निष्प्रभ करतं. गुरांची बुळकांडी 2011 साली जगातून संपली असं जाहीर झालं, तीही लसीकरणाच्याच जोरावर. पीपीआर 2030 पर्यंत संपवायचं जागतिक उद्दिष्ट आहे.

घटसर्पाची (जनावरांच्या, माणसाच्या नव्हे) लस वेगळी आणि ती पावसाळ्याआधी दरवर्षी द्यायची. पण ती पाश्चुरेलाच्या एका प्रकारासाठी असते, मॅनहेमियावर तिचा भरवसा नाही. ‘घटसर्पाची टोचली, आता खोकला कसा?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

“लस टोचली आणि मेंढरं आजारी पडली”

ही तक्रार मी कधी झटकत नाही, कारण ज्यानं ती सोसलीय तो खोटं बोलत नसतो. त्यामागे तीन-चार गोष्टी असू शकतात. एखाद-दुसरा दिवस थोडी कसर, म्हणजे बारीक ताप, येणं हा लशीचाच भाग आहे. शेजारच्या वाड्यात आजार आला म्हणून घाईनं टोचलं तर आपल्याही काही मेंढ्यांत विषाणू आधीच शिरलेला असतो. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर आजार वर येतो आणि दोष लशीवर जातो. गाभण मेंढीला पाय धरून ओढलं, आपटलं तर ती त्या धरपकडीनं गाभडू शकते. आणि एकच सुई शंभर मेंढ्यांना वापरली तर एकीचं रक्त दुसरीत जातं.

लस वाया जाण्याचं आणखी एक कारण ऊन. पीपीआरची लस भुकटीच्या रूपात येते. तिच्या द्रावणात मिसळल्यावर ती बर्फात ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते. टोचायला आलेल्या माणसाच्या डब्यात बर्फ आहे का हे विचारायला संकोच करू नका.

खोकला तोच, कारण वेगळं

प्रत्येक ढास जंतूची नसते. पावसाळ्यात ओल्या, दलदलीच्या गवतावर चरलेल्या मेंढ्यांच्या श्वासनलिकेत दोऱ्यासारखे पांढरे जंत वाढतात. तिथं प्रतिजैविकं, म्हणजे जंतू मारणारी अँटिबायोटिक औषधं, काहीच करत नाहीत. लेंडी तपासून योग्य जंतनाशक, वजनाप्रमाणे, हाच मार्ग. मेंढी नाक जमिनीवर घासत असेल, एकसारखी शिंकत असेल आणि शेंबूड एकाच नाकपुडीतून येत असेल तर नाकात माशीच्या अळ्या असण्याची शक्यता मोठी. त्यावरही वेगळं औषध आहे.

आणि एक कारण आपल्याच हातचं. एका ओळखीच्या घरी पोट फुगलेल्या मेंढीला गोडेतेल पाजताना मी हजर होतो. एकानं तोंड आभाळाकडे वर केलं, दुसऱ्यानं जीभ ओढून धरली, बाटली उपडी केली. पोट उतरलं. चौथ्या दिवशी मेंढी फुप्फुसदाहानं गेली. मी उभा होतो आणि वेळेत बोललो नाही, याची टोचणी अजून आहे. तोंड वर केलं की अन्ननलिकेऐवजी श्वासनलिका समोर येते. पाणी गेलं तर निदान ठसका लागतो. तेल गुळगुळीत असतं, ते ठसकाही न लागता थेट फुप्फुसात उतरतं. जंतनाशक असो की तेल, मेंढीचं तोंड जमिनीला समांतर ठेवा, जिभेला हात लावू नका, जबड्याच्या कोपऱ्यातून घोट-घोट सोडा, गिळलेलं दिसल्यावरच पुढचा. ओरडली किंवा खोकली की लगेच डोकं सोडा.

बाजारातली मेंढी, आणि सरसकट इंजेक्शन

लोणंदच्या बाजारातून आणलेली मेंढी घरी येते तेव्हा दिवसभराची उपाशी, शेकडो परक्या जनावरांत मिसळलेली, टेम्पोत हिंदकळलेली असते. तिला तीन आठवडे वेगळं बांधा, पाणी-चाऱ्याची भांडीही वेगळी. आधी आपल्या मेंढ्यांचं करा, मग तिचं. उलट क्रमानं हाता-पायांवरून आजार तुम्हीच नेता. जागा नाही असं म्हणतात, पण वावराच्या दुसऱ्या टोकाला एक खुंटी आणि वर छप्पर एवढंच लागतं.

‘एकदाच सगळ्यांना इंजेक्शन मारून टाकू’ हा सल्ला दुकानात सहज मिळतो. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, फुप्फुसातल्या जंतावर चालत नाहीत, कोंदट हवेवर तर नाहीतच. अर्धवट मात्रेनं जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. मग जिला खरोखर गरज आहे त्या मेंढीला तेच औषध लागू पडत नाही. शिवाय औषध दिल्यावर ठरावीक दिवस तिचं दूध आणि मटण वापरायचं नसतं.

आजारी मेंढी लवकर ओळखली तर मात्र हीच औषधं जीव वाचवतात. मेंढी दुखणं लपवते. खोकला आणि शेंबूड दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. आधी ती कळपाच्या मागे पडते, रवंथ कमी करते, बाकीच्या चरत असताना मान खाली घालून उभी राहते. अशी दिसली की श्वास मोजा, पण पहाटे, सावलीत, ती शांत बसलेली असताना. उन्हात निरोगी मेंढीही जोरात धापते. बरगड्यांमागची कूस एका मिनिटात किती वेळा हलते ते बघायचं. बारा ते वीस ठीक. विसावलेली असूनही चाळीसच्या पुढे गेली, किंवा गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप 104 अंश फॅरनहाइटच्या वर निघाला, तर तिला लगेच वेगळी काढा आणि डॉक्टरांना किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन करा. फोनवर सांगायचं ते असं: किती मेंढ्यांपैकी किती आजारी, पहिली कधी दिसली, ताप किती, तोंडात फोड किंवा हगवण आहे का, गेल्या महिन्यात नवीन जनावर आणलंय का, शेवटची लस कोणती आणि कधी टोचली, आणि गेल्या आठवड्यात काय पाजलं.